आहे का कुणी आत?

आम्ही डोंगर चढायला निघालो ते एकाच कामासाठी. माथ्यावरच्या खोलगटात एक काळं तळं आहे, ते ताईला डोळे भरून दाखवायचं. तिची नजर कडांकडून विझत येणार आणि ते थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. लग्नाआधीपासून तिला ते तळं बघायचं होतं, पण आमची लाँड्री! आज शाळेचे गणवेश, उद्या हॉटेलच्या चादरी, परवा कुणाचा कोट. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणता म्हणता तिचे केस पिकले. दवाखान्यातून घरी आलो आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ताई, पिशवी भर. उद्या निघायचं. कपडे पडू देत तिकडे!"

भावोजी येणारच होते. पाठीवर एवढं ओझं, की माणूस बिऱ्हाड हलवतोय असं वाटावं.

"भावोजी, शिलाई मशीन राहिलं वाटतं घरी?"

"तू पुढे बघून चाल गं, तोंडाळ!"

खालच्या रानात आम्ही हसतखिदळत चढलो. पायाखाली ओल्या पानांचा जाड थर होता, बुंध्यांवर हिरवं शेवाळ होतं आणि वरून गाळीव उजेड झिरपत होता. ताई प्रत्येक झाडापाशी थांबून मान वळवून बघायची. मग झाडं विरळ झाली, खडक सुरू झाले, आणि माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात एकही पाखरू ओरडलेलं नाही. वारासुद्धा नाही. भावोजींची बडबडही केव्हाच बंद पडली होती.

तेवढ्यात धुकं उतरलं. बघता बघता स्वतःचे पाय दिसेनात! आम्ही कमरांना दोर बांधला. पुढे मी, मध्ये ताई, मागे भावोजी. काठीने चाचपत, एकेक पाऊल टाकत सरकू लागलो.

आणि समोरून हाक आली.

"अहो, आहे का कुणी आत?"

आवाज मोठा नव्हता. गिऱ्हाईक काउंटरवर गाठोडं ठेवून विचारतं, अगदी तसा.

आता दुकानात आमची पद्धत ठरलेली. हाक आली की मी धावायचं, आणि ताईने इस्त्री सोडून जागचं हलायचं नाही. तिचं लक्ष ढळलं की कापड जळलंच म्हणून समजा. इतक्या वर्षांत ते अंगात भिनलंय. उघड्या डोंगरावर 'आत' कुठलं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"आले, आले!" म्हणत मी धावले.

पायाखाली काहीच नव्हतं!

दोर कमरेत करकचला. श्वास कोंडला. मी लोंबकळत होते! हाताला ओला कातळ लागत होता, निसटत होता. खाली धुकं. नुसतं धुकं!

"धरलंय तुला!" वरून ताई ओरडली. "अहो, ओढा!"

दोघांनी मला फरफटत वर घेतलं. कोपरं सोलली होती.

"ताई, तू कशी नाही पडलीस माझ्याबरोबर?"

"हाक आली, तू धावलीस. मी सवयीने पाय रोवले."

"आहे का कुणी आत?"

या वेळी हाक खालून आली. जवळून. आणि देवाशपथ सांगते, माझं तोंड पुन्हा आपोआप उघडलं! ताईने त्यावर हात दाबला.

"परत फिरू या," भावोजी कुजबुजले. "हे काही बरं लक्षण नाही. पुन्हा कधीतरी येऊ."

"पुन्हा कधी?" ताई म्हणाली. तिने कड्याकडे तोंड केलं, आणि उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी राखलेल्या खणखणीत आवाजात ओरडली, "आज दुकान बंद आहे!"

सगळं चिडीचूप झालं.

मग धुक्याला भगदाड पडलं. मी जिथे लोंबकळत होते, बरोबर त्याखाली तळं होतं. काळंभोर, काठोकाठ भरलेलं, आणि इतकं स्वच्छ की वरचं आभाळ त्यात बुडून गेलं होतं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. तरीही मधोमध एक वलय हळूहळू पसरत होतं, जणू कुणीतरी नुकतंच पाण्याखाली गेलं होतं.

खाली उतरून पाण्यात पाय बुडवायचा ताईचा बेत होता. त्याचं नाव आता कुणीच काढलं नाही. ती कड्यापासून हातभर मागे मांडी घालून बसली, आणि डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, सावकाश बघत राहिली.

"बघितलंस ना?" भावोजींनी घाई केली. "चल, धुकं परत येतंय."

"येऊ दे," ताई म्हणाली. "येईपर्यंत तर दिसतंय!"

भावोजींनी पाठीवरचं ओझं खाली ठेवलं, आणि आम्ही दोघंही तिच्या शेजारी बसलो.