सल्लागाराचा बेडूक

"थांबा! हलू नका!"

तो थांबला. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, खांद्याला फुगलेली बॅग. समोर एक मुलगी... हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना, कानावर वायरचे हेडफोन, आणि नजर थेट त्याच्या बॅगेवर.

"तुमच्या बॅगेत काहीतरी बोलतंय," ती म्हणाली.

"माझ्या? पुस्तकं आहेत हो. पुस्तकं सहसा गप्प असतात."

"उघडा."

पुस्तकं निघाली, स्वेटर निघाला, आणि तळाशी सापडला एक हिरवा प्लॅस्टिकचा बेडूक. शेजारी त्याचा रिमोट. जाड पुस्तकाखाली त्याचं बटण दाबलं गेलं होतं.

"भाचीचं काम," तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मामा एकटा पडेल, म्हणून सोबत दिला असणार."

"रेडिओलहरी सोडणारी वस्तू आत आणायची नाही, असं फाटकावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कोणी वाचेल तर शपथ!"

"मी वाचलंय. खरं तर... तो नियम मीच लिहिलाय. सल्लागार समितीत आहे मी."

तिने हसू ओठांत दाबलं. खांद्यावरच्या पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, बेडूक आणि रिमोट आत टाकून झाकण लावलं. हेडफोनमधली खरखर बंद झाली.

"जप्त," ती म्हणाली.

त्या माळरानावर अनेक देश मिळून एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारत होते. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. तिची प्रत्येक पांढरी तबकडी म्हणजे आभाळाकडे लावलेला एक कान. आभाळातून येणारी कुजबुज इतकी क्षीण, की चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला तरी या कानाला तो आरडाओरडा वाटावा. म्हणून तिथे मोबाइल नव्हते. गाड्यासुद्धा डिझेलच्या, कारण पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगीही कानात टोचते. ही शांतता राखणं हे त्या मुलीचं काम. सगळे तिला 'शांतताताई' म्हणत.

आणि समिती? इतक्या देशांचं काम म्हटलं की बांधणाऱ्यांना आपलं तेच बरोबर वाटू लागतं. म्हणून बाहेरचे काही शास्त्रज्ञ नेमलेले असतात. ते बांधत नाहीत. ते बघतात, विचारतात, आणि चुकत असेल तर तोंडावर सांगतात. तो त्यांतला सर्वांत तरुण. एका तक्रारीची शहानिशा करायला त्याला समितीच्या बैठकीच्या आठवडाभर आधी पाठवलं होतं.

तक्रार तिचीच होती. प्रत्येक तबकडीखाली यंत्रांचं एक लोखंडी कपाट असतं. यंत्रांच्या रेडिओलहरींची कुरकुर त्याने पोटात ठेवायची. पण नवी कपाटं ती बाहेर सोडत होती. प्रकल्पप्रमुख हसले होते, "शांतताताईला शांततेतही आवाज येतात!" समितीने त्यांचं ऐकलं, तर तशीच कपाटं माळभर उभी राहणार होती आणि सर्वांत जुनी, सर्वांत क्षीण कुजबुज कायमची बुडणार होती. तसं झालं तर आपण इथे राहायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

दोघं खडखडणाऱ्या जीपमधून एकेक तबकडी तपासत फिरू लागले. वारा सारखा. तिच्या वेणीतून सुटलेली बट तो बघायचा... आणि तिने मान वळवली की घाईघाईने आभाळ बघायचा.

तो प्रश्नावर प्रश्न विचारायचा. शेवटी तिने नियम केला, "रोज प्रत्येकी एकच प्रश्न."

"मग पहिला माझा. शांतता ऐकू कशी येते?"

"येतच नाही. एकेक आवाज शोधून बाहेर काढायचा. उरते ती शांतता. आता माझा. तुम्हाला एवढ्या लांबचं काय ऐकायचंय?"

"हायड्रोजन. पहिले तारे पेटायच्या आधीचा. तेव्हा सगळीकडे नुसता काळोख होता... त्या काळोखाची कुजबुज."

"काळोखाची कुजबुज," ती पुटपुटली. तेवढ्यात जीप खड्ड्यात आदळली आणि दोघांचे खांदे एकमेकांवर आपटले. सॉरी कोणीच म्हणालं नाही.

मग एक गंमत लक्षात आली. सगळी नवी कपाटं कुरकुरत होती, पण सर्वांत जुनं कपाट चिडीचूप. बनावट तीच, कडी तीच. मग असं का?

त्याने त्या जुन्या कपाटाला कान लावला, टकटक केली.

"नाडीपण बघा, डॉक्टर."

"जीभ दाखवा म्हणालो, तर दार उघडत नाहीये."

तिने हसत दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि पुन्हा एकदा फिरवलं.

"इकडे या. हात द्या."

त्याचं बोट धरून तिने त्या कडेवरून नेलं. खरखरीत, उघडं, गार लोखंड. मग त्याला ओढतच शेजारच्या तबकडीखालच्या नव्या कपाटाकडे नेलं. तिथली कड गुळगुळीत.

"रंग!" दोघं एकदम ओरडले.

दार आणि चौकट, लोखंडाला लोखंड भिडलं तरच लहरी आत कोंडल्या जातात. मधे रंगाचा पातळ थर आला, की लहरींना तीच फट. गंज चढू नये म्हणून रंगाऱ्यांनी कडासुद्धा मन लावून रंगवल्या होत्या. जुन्या कपाटाचा रंग उघडझाक करून घासला गेला होता, एवढंच!

त्याचं बोट अजून आपल्याच मुठीत आहे, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्या संध्याकाळी कँटीनबाहेरच्या वायरच्या फोनवर तिची आई म्हणाली, "कोण गं हा बेडूकवाला? त्याच्याशिवाय दुसरं काही बोलतच नाहीस!"

"आई, हळू! इथे रांग आहे."

रांगेत तिच्या मागे तोच होता. भिंतीवरचा सूचनाफलक फारच एकाग्रतेने वाचत होता. फलक कोरा होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने आपला त्या दिवसाचा प्रश्न विचारला, "उद्या माझी बोबडी वळली तर तुम्ही बोलाल ना? चारचौघांत मला शब्दच सुचत नाहीत."

त्याने कपातला चहा ढवळला. "तुम्हाला माझी गरज पडणार नाही."

"हे काय उत्तर झालं?"

तो जरा उदास हसला आणि दोघांचे कप विसळायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या सुरुवातीला, समितीच्या शिरस्त्याप्रमाणे, अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आजच्या कामात, किंवा ते करणाऱ्या माणसांत, कुणाचा काही हितसंबंध? असेल तर सांगावं आणि बाहेर जावं."

"नाही." "नाही." "नाही," टेबलाभोवती फिरत गेलं.

"आहे," तो म्हणाला.

सगळ्या माना वळल्या.

"कुठल्या कंपनीत?" बाईंनी विचारलं.

"कंपनीत नाही. मोजमाप ज्यांनी केलंय... त्यांच्यात. मोजमाप बरोबरच आहे, पण आता ते माझ्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही. त्यांच्या बाबतीत मी तटस्थ राहिलेलो नाही."

"बरं. संबंध एकतर्फी की दुतर्फी?"

"माहीत नाही, बाई. विचारलेलं नाही."

खुर्ची सरकली, दार मिटलं. समोरच बसलेल्या तिचे कान तापले. आधी आनंदाने, मग रागाने. आजच! नेमकं आजच! प्रमुखांनी घसा खाकरला, "तर... ताईंच्या आवाजांविषयी..."

तिने तोंड उघडलं. शब्द नव्हते. हात पिशवीत गेला आणि बिस्किटांच्या डब्याला लागला.

या इमारतीच्या भिंतींत पत्रा होता. इथून लहरी बाहेर जाणार नव्हत्या. तिने बेडूक टेबलावर ठेवला, रिमोटचं बटण चिकटपट्टीने दाबून बसवलं. बेडूक उड्या मारत थेट प्रमुखांच्या कागदांवर गेला. कुणीतरी खुदकन हसलं. तिने रिमोट डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. बेडूक ठप्प.

"कपाट असं असायला हवं," ती म्हणाली. मग तिने झाकण काढलं, डब्याच्या काठावर कागदाची पट्टी गुंडाळली आणि पुन्हा लावलं. "हा आपला रंग."

बेडूक टुणकन उडाला.

मग मात्र शब्द आपोआप आले.

निर्णयासाठी तिलाही बाहेर पाठवलं, तेव्हा तो पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता.

"असं का केलंस तू?" ती कडाडली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. "गप्प राहिला असतास तर काय बिघडलं असतं?"

"पुढे कधीतरी सगळ्यांना कळलंच असतं. मग म्हणाले असते, तिचं मोजमाप याने प्रेमापोटी पास केलं. तुझं काम खरं आहे. त्याला माझा रंग नको होता."

ती त्याच्या शेजारी बसली. वारा मधल्या जागेतून जात होता... हळूहळू ती जागा कमी झाली.

दार उघडलं. अध्यक्षबाई हातात बेडूक घेऊन उभ्या होत्या.

"सगळ्या कडा खरवडायच्या, मगच पुढची तबकडी. ठरलं," त्या म्हणाल्या. "आणि हो, इतिवृत्तात एक जागा रिकामी राहिलीय. एकतर्फी की दुतर्फी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. माळावरच्या तबकड्यांकडे पाहत हसली.

"दुतर्फी लिहा, बाई."

"मग यापुढे ह्यांना तुझ्या कामावर मत द्यायला बंदी."

"आणि स्वयंपाकावर?" त्याने विचारलं.

"तो तू करणार आहेस," ती म्हणाली. "मत मी देईन."