डावखुऱ्याचं ताट

सांगलीच्या मंडईत एक आजोबा पिशवी घेऊन भाजीवालीसमोर उभे राहतात आणि गप्प होतात. काय घ्यायला आलो, तेच आठवत नाही. भाजीवाली घाई करत नाही. तिला आता याची सवय झाली आहे. तिकडे घरी त्यांची सून फ्रिज उघडते आणि ‘अरे, मेथी संपली,’ असं तिच्या मनात येतं. इकडे आजोबा लगेच म्हणतात, “मेथी दे गं दोन जुड्या.” दोघांच्याही कानामागे कढीपत्त्याच्या पानाएवढी चकती चिकटवलेली असते. डॉक्टर तिला ‘स्मृतिसेतू’ म्हणतात, मंडईत नुसतं ‘पान’ म्हणतात.

या पानाचं केतकी कुरणेलाही कौतुकच होतं. ते आपल्या तोंडचा घास काढून घेईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

केतकी दिवसा बँकेत नोकरी करायची आणि संध्याकाळी नाट्यमंडळात तालमीला जायची. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेल्या भूमिका म्हणजे शेजारीण, नर्स, आणि ‘गर्दीतली दुसरी बाई’. यंदाचं नवं नाटक मात्र तिला आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटत होतं. त्यातली चंद्राक्का खाणावळ चालवते. घर सोडून गेलेला मुलगा वीस वर्षांनी गिऱ्हाईक म्हणून येऊन तिच्या पंगतीला बसतो, आणि ती त्याला जेवायला वाढते, एवढंच नाटक. केतकीनं पहिल्या वाचनालाच सगळ्यांना रडवलं. त्याच रात्री तिनं तासगावला आईला फोन करून सांगून टाकलं, “आई, मुख्य भूमिका मिळाली!” आईनं गल्लीभर पेढे वाटले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, म्हणतात ना, तसलीच गत.

चार दिवसांनी दिग्दर्शक आवटी सरांनी जाहीर केलं, “चंद्राक्का शैलाताई करतील.”

शैलाताई हर्डीकर म्हणजे मंडळाच्या सर्वांत जुन्या नटी. केतकीला रंगमंचावर चालायला, थांबायला, गप्प बसायला त्यांनीच शिकवलेलं. पण गेल्या वर्षापासून त्यांना विस्मरणाचा आजार जडला होता.

“सर, ताईंना दोन वाक्यं सलग आठवत नाहीत!” केतकी न राहवून बोलली.

“म्हणून तर तू हवीस,” सर म्हणाले. “त्या रंगमंचावर, तू विंगेत. दोघींना पान.”

पान बसवणारा तंत्रज्ञ सोहेल मुजावर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “आठवण पुसलेली नसते, केतकीताई. तिच्याकडे जायची वाट बुजलेली असते. तुम्ही तीच भूमिका मनात जगत राहिलात, की तुमच्या मेंदूतली वाट उजळते आणि पानामुळे त्यांच्याही मेंदूतली उजळते.”

“मग कानात प्रॉम्प्टिंग करा की! माझी कशाला गरज?”

“त्यानं शब्द येतात, नाटक येत नाही,” सर म्हणाले. सोहेलनं घाईघाईनं पुस्ती जोडली, “आणि घाबरू नका. पात्राचं तेवढं जातं, तुमचं खासगी काही जात नाही. फक्त मन लावायला हवं. तुमचं मन उडालं, की त्यांची वाट अंधारली.”

केतकी तरातरा घरी गेली. तालमीला जायचं नाही, कुणाचा फोन घ्यायचा नाही, असं आठवडाभर चाललं. बँकेत एका गिऱ्हाईकावर खेकसली, मग स्वच्छतागृहात जाऊन रडली. आपण वाईट नटी असतो तर एवढं लागलं नसतं, असं तिला वाटे. भूमिका आपल्याला येते, आणि तरी ती आपली नाही, हे काही केल्या गिळवत नव्हतं.

रविवारी दार वाजलं. दोन जिने चढून शैलाताई दारात धापा टाकत उभ्या होत्या.

“रागावलीस?”

“हो,” केतकी म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

“रागाव, बाई. राग यायलाच हवा. आणि तू माझ्यापेक्षा चांगली करशील, हेही मला माहीत आहे.” त्या खुर्चीत टेकल्या. “पण तुझ्यापुढे खूप नाटकं आहेत. माझ्यापुढे हे एकच आहे. तेही तू दिलंस तरच.”

केतकी उठून स्वयंपाकघरात गेली. तिनं चहा टाकला. चहा पिताना ताईंनी तिला तिचं नाव विचारलं, आणि मग स्वतःच कावऱ्याबावऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून केतकी तालमीला जायला लागली.

दोघी शेजारी बसून रोज भूमिका म्हणायच्या. हळूहळू वाटा जुळल्या. अडलं ते एकाच ठिकाणी. शेवटच्या प्रवेशात चंद्राक्का मुलाला ओळखते, पण ओळख देत नाही. “भात वाढू का?” एवढंच विचारते. “तिनं ओळखलंय हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे,” सर कपाळाला हात लावायचे, “आणि तिनं तर काहीच सांगायचं नाही! करायचं काय?” ताईंनी डोळे भरून पाहिलं, हात थरथरवला, आवाज चिरकवला. सगळं खोटं वाटायचं. शेवटी सर म्हणाले, “असू दे. देवावर सोडू.”

पहिला प्रयोग दुपारचा होता. तिसरी घंटा झाली, ताईंनी रंगमंचाला हात लावून तो कपाळी टेकला, आणि विंगेतल्या स्टुलावर बसून केतकीनंही तसंच केलं. पहिला अंक झकास रंगला.

दुसऱ्या अंकात केतकीनं फटीतून सहज प्रेक्षागृहात पाहिलं. दुसऱ्या रांगेत आई बसली होती. बरोबर गल्लीतल्या चार बायका. मांडीवर गजऱ्याचा पुडा. न कळवता आली होती, लेकीचं कौतुक करायला! भूमिका गेल्याचं केतकीनं तिला सांगितलंच नव्हतं. आई प्रत्येक प्रवेशाला मान उंच करून तिला शोधत होती.

केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जागा माझी होती, तो दिवा माझ्यावर पडायचा होता! तिचं मन त्या दुसऱ्या रांगेत जाऊन अडकलं, आणि रंगमंचावर, नेमक्या शेवटच्या प्रवेशात, शैलाताई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

प्रेक्षक सावरून बसले. मुलाच्या भूमिकेतला नट पाटावर बसून वाट पाहत होता. ताईंच्या हातात वाढलेलं ताट होतं, आणि त्यांची नजर हरवलेल्या पोरीसारखी भिरभिरत होती. ती नजर केतकीनं पाहिली. ‘तू दिलंस तरच,’ हे शब्द तिला आठवले. ‘घ्या ताई,’ ती मनात म्हणाली, ‘सगळं घ्या.’ तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर चंद्राक्काचा मुलगा आणायला गेली, तर आले तिचे वारलेले बाबा. दौऱ्यावरून थकून आलेले, हात धुऊन मुकाट पाटावर बसलेले. तिनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

रंगमंचावर शैलाताईंनी ताट ठेवलं. मग थबकल्या, वाकल्या आणि ताट अर्धं फिरवून आमटीची वाटी डाव्या हाताशी आणली.

“भात वाढू का?”

हे तालमीत कधीच झालं नव्हतं. पण मुलाचं काम करणारा नट पक्का होता. त्यानं क्षणभर ताटाकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं घास उचलला. सगळ्या प्रेक्षागृहातून एक हुंदका उमटला. मुलगा डावखुरा होता आणि आई ते विसरली नव्हती!

पडदा पडल्यावर आई रंगपटात आली. शरमेनं केतकीची मान वर होईना. “आई, मी खोटं…”

“गप गं,” आईचा चेहरा रडून सुजला होता. “ते ताट तुझ्या बाबांचं होतं. तूच फिरवायचीस. तिथं तू होतीस, मला दिसलीस की!” तिनं गजरा निम्मा तोडून लेकीच्या केसांत माळला आणि उरलेला शैलाताईंच्या. केतकीनं दोघींच्या पायांना हात लावला. ही भूमिका मिळाली नाही याचं दुःख गेलं होतं का? नाही. पण त्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं, आणि त्यासाठी कुणाकुणाचे आभार मानावेत हे तिला कळेना.

सोहेलनं दोघींची पानं काढून डबीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंचा फोन आला. आवाज स्वच्छ होता.

“केतकी, तुझ्या बाबांना शेपूची भाजी आवडायची नाही ना गं? ताटाखाली लपवायचे?”

हे केतकीनं ताईंना कधीच सांगितलं नव्हतं. “ताई, पान लावलंय का तुम्ही?”

“नाही गं, ते तर सोहेलकडे आहे. सकाळी माझ्या यजमानांचं नाव आठवत बसले होते. ते काही येईना. हे आलं.”

“ताई, मला माफ करा,” केतकी घाबरून म्हणाली. “असं व्हायला नको होतं. मी आत्ता सोहेलला सांगते. काढता येत असेल…”

“काढतेस कशाला?” शैलाताई म्हणाल्या. त्या हसत होत्या की रडत, ते फोनवर कळत नव्हतं. “माझं घर एकेक खोली करून रिकामं होत चाललंय, बाळ. त्यात तुझे बाबा राहायला आले, तर बिघडलं कुठं?”