फाटकाजवळचं सोलिंग

“मॅडम, माझ्या दादाच्या अंगणात काँक्रीट ओततायत. आधी ते थांबवा, मग मला वेडी म्हणा.”

सुधाताईंचा फोन ठेवून फौजदार मोहिनी गांगुर्डे सातपूरच्या बंगल्यावर पोचल्या, तेव्हा मिक्सर धडधडायला लागला होता. १९९८ साल. सुधाताईंचे भाऊ शामसुंदर परवापासून बेपत्ता होते. त्यांचा मुलगा शौनक म्हणत होता, गवंडी झिपरूशी त्यांचं भांडण झालं होतं, त्यानेच काहीतरी केलं. झिपरू कोठडीत होता. गरीब माणूस पकडायला सोपा पडतो. तो एवढंच सांगत होता, “काम आटपून म्या गेलो. मालक तवा ओट्यावर व्हते.”

शौनकने काँक्रीटसाठी दुसरी माणसं आणली होती. मोहिनीबाईंनी मिक्सर बंद करवला. सुधाताईही तिथे येऊन उभ्या राहिल्या.

फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीची वाट करायची होती. काळी माती उपसून मुरूम भरला होता आणि त्यावर सोलिंग, म्हणजे हाताने लावलेले दगड. चालताना बुटांच्या तळातून टोकं बोचत होती. फाटकाजवळ मात्र पाऊल आरामात पडलं. मोहिनीबाई तिथेच थांबल्या.

“सोलिंग कधी संपलं?”

“परवा संध्याकाळी,” शौनक म्हणाला.

“तुम्ही होतात?”

“समोरच. इथले शेवटचे दगड झिपरूने माझ्यासमोर बसवले.”

“नंतर कोणी हात लावला?”

“कोण लावणार? फाटकाला कुलूप, किल्ली माझ्याकडे.”

“वडिलांशी काही वाद?”

“आत्याने तुमचे कान भरलेले दिसतात. अर्धा प्लॉट तिला द्यायचं बाबांच्या मनात होतं. त्यांचा प्लॉट, त्यांची मर्जी.”

हे बोलताना त्याने माणसांना मिक्सर सुरू करायची खूण केली. मोहिनीबाईंना त्याची किळस आली.

“माझे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते,” त्या म्हणाल्या. “सोलिंगचा दगड रुंद बाजू खाली घालून बसवतात, टोक वर. फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकतात. मग काँक्रीट त्यात धरून बसतं. झिपरूने सगळीकडे तसंच केलंय. इथे मात्र सपाट बाजू वर आहे, घरातल्या फरशीसारखी, आणि चिपा नाहीतच. कोणीतरी दगड उचलून खड्डा केला आणि परत लावताना आपल्या मते छान लावले. गवंडी असं लावत नाही. तुमच्यासमोर लावले म्हणता, ते खोटं. किल्ली तुमच्याकडे. आणि बाप सापडत नसताना काँक्रीटची घाईही तुम्हालाच.”

शौनकने सुधाताईंकडे बोट केलं. “लग्न होऊन गेलेल्या बाईला कशाला हवा होता प्लॉट?”

हवालदाराने त्याच्या दंडाला धरलं. मोहिनीबाईंनी झिपरूला सोडायचा निरोप पाठवला.

दगड निघाले, मग मुरूम. खाली पांढऱ्या सदऱ्याची बाही दिसली. सुधाताई पुढे आल्या आणि त्यांनी पहारीवर हात ठेवला.

“हळू काढा,” त्या म्हणाल्या. “दादाला लागेल.”