अख्खा असा एकच शंख

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, कुणाच्या गळ्यात मारायची हौस नाही.

आमच्या नात्यातल्या द्वारकासोबत घडली. आणि रात्री-बित्री नाही... पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी, भर दुपारी. हडपसरच्या पुढच्या एका संशोधन संस्थेत. संस्थेचं नाव विचारू नका.

द्वारका लोणी काळभोरची, शेतकऱ्याच्या घरातली. घरातली पहिली डॉक्टरेट तिची. काम काय, तर अरबी समुद्राच्या तळातून काढलेला चिखल धुवायचा आणि त्यातले प्राचीन जिवांचे शंख निवडायचे. मोहरीहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली बघत, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचा. पुण्याला समुद्र नाही, पण या बाईंचं आयुष्य समुद्राच्या चिखलात गेलं.

ब्रशला टोक यावं म्हणून ती तो ओठांत ओला करायची. त्या कामातल्या पुष्कळांना ही खोड असते.

तिची विद्यार्थिनी स्पृहा मात्र बशीत पाणी घेऊन बसायची. यवतमाळकडची पोर, बोलायला मोकळी.

"मॅडम, जिभेले कायले लावता? एखाद्या दिवशी गिळून बसाल ना!" म्हणायची आणि खळखळून हसायची.

शंखांची एक नवी जात सापडली ती स्पृहालाच. अख्खा असा एकच शंख, बाकी नुसते तुकडे. नाव द्यायचा मान तिचा. तिने आईचं नाव ठरवलं होतं, इंदुबाईंचं.

मग स्पृहा गेली. सोलापूर रस्त्यावर, दुचाकीवरून खोलीवर परतताना, अपघातात.

आणि द्वारकाने काय करावं? शोधनिबंधातून पोरीचं नाव काढून टाकलं. जातीला नाव दिलं विभागप्रमुखांचं. बढती डोळ्यांसमोर होती, दुसरं काय!

शेजारच्या टेबलावर दत्तप्रसाद बसायचे, शनिवार पेठेतले. ते म्हणाले, "सोयीचं झालं. मेलेली माणसं हरकत घेत नाहीत."

"तिला आता थोडीच बढती हवी आहे?" द्वारका म्हणाली.

एकदा इंदुबाई भेटायला आल्या. "मॅडमजी, पोरगी म्हणे त्या शंखाले माह्यं नाव देनार हाये. देल्लं का जी?"

"अजून काही ठरलं नाही."

धडधडीत खोटं. निबंध छापायला गेला होता.

इंदुबाईंनी लेकीच्या स्टुलावरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

आता एकच काम उरलं होतं. तो शंख संग्रहालयात जमा करायचा. त्याशिवाय नाव पक्कं होत नाही. सोमवारी माणूस न्यायला येणार, म्हणून रविवारी द्वारका एकटीच प्रयोगशाळेत आली.

शंख ब्रशने उचलून नव्या काचपट्टीवर ठेवायचा, इतकंच. जोखीम नको म्हणून त्या दिवशी तिनेही बशीत पाणी घेतलं.

ब्रश बुडवायला गेली...

बशी कोरडी.

पुन्हा भरली. भिंगाला डोळा लावला. मागे स्टूल सरकलं... कर्र.

वळून पाहिलं. स्पृहाचं स्टूल तिथेच होतं.

बशी पुन्हा कोरडी. तळाला पांढरं मीठ.

तिने नळ सोडला. थेंब नाही. बाहेर मघापासून कावळे ओरडत होते...

तेही गप्प.

"ऊन फार आहे," ती मोठ्याने म्हणाली. स्वतःलाच ऐकवायला. आणि ब्रश ओठांत धरला.

खारट लागला.

भिंगाखाली शंख होता. तिने ब्रश पुढे नेला...

समोरून दुसरा ब्रश आला.

दोन टोकं. एक तिचं. दुसऱ्याने शंख हळूच ढकलला. थेट तिच्या ब्रशवर.

तिने झटकन मान वर केली. समोर कोणी नाही. ब्रशचं टोक पसरलं होतं. टोक नीट करायला, जन्माच्या सवयीने, हात ओठांकडे गेला.

दाताखाली कच्च झालं.

आणि कानाशी कुणीतरी खळखळून हसलं...

शंखच नाही म्हटल्यावर निबंध मागे घ्यावा लागला. विभागप्रमुखांनी बोलणं टाकलं. बढती गेली ती गेलीच. द्वारका यवतमाळला जाऊन इंदुबाईंच्या पाया पडली. "नाव तुमचंच देते," म्हणाली.

इंदुबाईंनी पाय मागे घेतले. "आता कशाले देता जी?"

तेव्हापासून रोज सकाळी चूळ भरली की द्वारकाच्या तोंडातून एक शंख पडतो. त्याच जातीचा.

रोज तुटका.

ती चूळ शंख निवडायच्या काळ्या थाळीत टाकते आणि भिंगातून बघते. एखाद्या दिवशी अख्खा निघेल, या आशेवर. दत्तप्रसादांनीही ते तुकडे पाहिलेत. त्यांना टोमणा सुचला नाही, यातच काय ते समजा.

परवा ती आमच्याकडे जेवायला होती. तांदूळ घरीच निवडलेले, दोनदा धुतलेले. पहिल्याच घासाला...

कर्र.

पंगतीत सगळ्यांना ऐकू आलं. आम्ही हात थांबवून बघत राहिलो. द्वारकाने तोंडातून काहीतरी काढलं, तळहातावर घेऊन बोटाने चाचपलं.

"तुटकाच," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला.