देठापाशी ठिपका

“काल संध्याकाळी ही टोपली काठोकाठ भरलेली होती,” थोरली रिकाम्या टोपलीकडे बोट दाखवत म्हणाली. “आणि टाकाऊ फळं न्यायला शनिवारशिवाय कुणी येत नाही.”

“उंदरांनी खाल्ली असतील,” शेपटाने सुचवलं.

“चाळीस ग्रेपफ्रूट? सालीसकट?” चष्मिष म्हणाला. “उंदीर आहेत की हत्ती?”

सुट्टी लागली की ही तिघं आजोबांकडे यायची. थोरली, सारखा तिच्या मागेमागे म्हणून तिचा भाऊ शेपूट, आणि मामाचा चष्मिष. आजोबा फळांच्या शेडमध्ये निवडीला बसत. सरकत्या पट्ट्यावरून येणारं एकेक ग्रेपफ्रूट ते तळहातावर जोखत. जड ते खोक्यात, हलकं ते टोपलीत. जड म्हणजे रसाचं. भरलेली खोकी मुकादमकाका गाडीत चढवून घेत. ही फळं झाडाला द्राक्षांसारखी घोसाने लागतात, म्हणून नावात ‘ग्रेप’, म्हणजे द्राक्ष, हे पोरांना त्यांनीच सांगितलं होतं. दुपारी ते एखादं फळ मधोमध कापत आणि चिमूटभर मीठ भुरभुरत. मिठाने कडूपणा असा काही दबे, की शेपूट साल उलटी करून चाटायचा.

यंदा मात्र गिऱ्हाइकांकडून दोनदा माल परत आला होता. फळ दिसायला देखणं, आत नुसता भुसा. सोमवारपासून निवडीला दुसरं कुणी बसवायचं, असं शेडच्या मालकीणबाईंनी ठरवलं होतं. पण थोरलीच्या जिवाला लागलं ते वेगळंच. आजोबा हल्ली एकच फळ तीन-तीनदा जोखायचे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत बसायचे.

त्या दिवशी टोपलीत पडलेल्या प्रत्येक फळावर तिघांनी देठापाशी पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला. दुसऱ्या सकाळी टोपली पुन्हा रिकामी. चष्मिषने गाडीत चढवायला ठेवलेलं एक खोकं उघडलं. वरच्याच थरात सहा ठिपके.

थोरली तडक मालकीणबाईंना घेऊन आली आणि ठिपके कुठल्या फळांना दिले होते ते सांगितलं. त्यांनी ठिपके निरखले, मग रांगेत लावलेली खोकी.

“आता काय, सगळा माल कापून बघायचा?”

थोरलीच्या मागून शेपूट पुटपुटला, “पाण्यात सोडा ना.” तो रोज फळं धुण्याच्या हौदात त्यांच्याच बोटी करून बोलणी खायचा. टोपलीतल्या फळांच्या बोटी जास्त वर तरंगतात, हे त्याला केव्हाच ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

खोकं हौदात रिकामं झालं. बाकीची फळं गळ्यापर्यंत बुडून राहिली. सहा तेवढी चेंडूसारखी वर डुलत होती. बाईंनी त्यातलं एक कापलं. आत फिकट, कोरड्या फोडी.

“कडाक्याची थंडी पडली होती ना,” आजोबा हळूच म्हणाले. “आतून सुकतं. सालीला पत्ता लागत नाही.”

मग मुकादमकाका पुढे आले. त्यांची मान खाली होती. “मीच टाकत होतो परत खोक्यात. एवढं देखणं फळ बघून वाटलं, आजोबांचा हात चुकायला लागलाय. असल्या देखण्या फळांनी टोपली भरलेली दिसली तर बाई त्यांना काढतील. म्हणून झाकायला गेलो.”

आजोबा रागावले नाहीत. “एकदा मला विचारायचं होतंस रे,” एवढंच म्हणाले.

मालकीणबाईंनी खोकी उतरवायला सांगितली. आजोबांना म्हणाल्या, “चूक माझीही झाली. सोमवारी तुम्हीच बसा.” आणि हौदात वाकून भिजलेल्या शेपटाच्या डोक्यावर हात ठेवला. “अख्ख्या शेडमध्ये डोळे उघडे असलेली माणसं तीनच निघाली, तीही सुट्टीवर आलेली.”

“मग आता हौदात खेळलं तर चालेल?” शेपटाने लगेच विचारून घेतलं.

पट्टा सुरू झाला. थोरली आजोबांच्या कोपराशी उभी होती. त्यांनी एक फळ उचललं, एकदाच जोखलं आणि हाताकडे न बघता टोपलीत टाकलं.