स्टँडखालची भिंत

पटलं तर वाचा, नाहीतर पान उलटा. यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझी सासू साळुबाई, तिच्या बाबतीत घडलेलं हे. तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, आणि ती बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

साल छप्पन. चैत्र महिना.

आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

नारायणगावाहून जुन्नरला जाताना रस्त्याकडेला नवं एस.टी. स्टँड होत होतं. अलीकडं स्टँड, पलीकडं बाजार. मधे बैलगाड्या आणि ट्रकांची ही गर्दी. म्हणून कामावरच्या साहेबानं रस्त्याखालून माणसांपुरती भुयारी वाट काढली. सोळा पायऱ्या खाली, चाळीस पावलं सरळ, सोळा पायऱ्या वर.

खणताना मधेच डाव्या हाताला एक जुनं भुयार लागलं. दगडी, कमरेएवढं. बादशाही काळात त्यातून गावाला पाणी जायचं म्हणत. आता कोरडं.

आत थंडगार. दमलेल्या बायका घडीभर आत टेकायच्या.

त्याचं तोंड भिंत घालून बुजवायचं ठरलं.

माती उपसायला बावीस बायका. त्यांची मुकादम साळुबाई. तिला लिहिता येत नव्हतं. काम सुटलं की प्रत्येकीनं आपली मातीची पाटी वर आणून पालथी घालायची, जोडीजोडीनं. जोड्या पुऱ्या म्हणजे सगळ्या वर आल्या. हीच तिची हजेरी.

त्या दुपारी एका पाटीला जोड नव्हती.

हौसाची पाटी कमी होती. हौसा म्हणजे साळुबाईची सख्खी सून, बहिरूची बायको. अंगात ताप असताना सासूनं तिला कामावर आणली होती. "ताप समद्यांना येतो. मिरवीत न्हाई कुणी."

पाटी खालच्या पायरीवर पडलेली...

हौसा नाही.

साळुबाईला वाटलं, पळाली परत माहेरी, डिंभ्याला. आधी दोनदा गेली होती. मुकादमाचीच सून पळाली म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या.

तिनं पाटी उचलली आणि आपल्या हातानं पालथी घातली.

"सगळ्या वर?" साहेबानं विचारलं.

"माझ्या हाताखालची बाई मागं राहत न्हाई, साहेब."

गेणभाऊ गवंड्याला तासाभराचं काम. शेवटचा दगड हातात घेतला आणि तो थांबला.

"अक्का... आत काय वाजतंय."

ठक... ठक...

साळुबाईनंही ऐकलं. मला म्हणाली, "ऐकलं गं मी. पर साहेब उभा व्हता."

गेणभाऊला म्हणाली, "घूस असंल. तू काय घुशीला इचारून भिंती घालतो व्हय?"

दगड बसला.

बहिरू सासुरवाडीला निघाला, तर त्यालाही तिनं अडवलं. "पोटाला चिमटा बसला की येईल आपल्या पायानं."

तिसऱ्या दिवशी हौसाचा बाप रखमाजी डिंभ्याहून आला. पंचात लेकीसाठी करवंदं बांधलेली.

"विहीणबाई, हौसाला हाक मारा जरा."

साळुबाईच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

म्हणजे पोर माहेरी गेलीच नव्हती.

तेव्हा बोलली असती तर... तीनच दिवस झाले होते. पण बोलायचं म्हणजे मुलापुढं, व्याह्यापुढं, साहेबापुढं मान खाली घालायची.

"तुमच्याकडंच निघाली व्हती," ती म्हणाली. "वळण लावलं असतं तर अशी हिंडली नसती, पावणं."

बाप करवंदं उंबऱ्यावर ठेवून आल्या पावली परत गेला.

साळुबाई रोज जाऊन भिंतीपाशी उभी राहायची. ठक... ठक... रोज थोडं हळू.

पाचव्या दिवशी आवाज बंद.

"सुटले म्हनलं," ती मला म्हणाली. सुटले. ऐका.

त्याच दुपारी ती घरी भाकरी थापत होती. घर स्टँडपासून दोन कोस. थाप थांबली, तरी आवाज थांबेना...

चुलीखालून येत होता.

ठक... ठक...

अकरा दिवस तिनं एकटीनं ऐकलं. बाराव्या दिवशी बहिरू जेवता जेवता उठला. चुलीपाशी वाकला, जमिनीला कान लावला.

"आये... खाली कोन हाय?"

तेव्हा तिनं सांगितलं.

बहिरू पहार घेऊन दोन कोस धावला. गेणभाऊनं आणि त्यानं मिळून भिंत फोडली.

आतल्या बाजूचा चुना नखांनी उकरलेला. खाली हिरव्या बांगड्यांच्या काचा.

हौसा नव्हती.

भुयार आठ हातांवर ढासळून बंद झालेलं. मांजरही पलीकडं गेलं नसतं. ना प्रेत, ना वास.

बहिरू त्यानंतर आईशी एक शब्द बोलला नाही. दोन वर्षांनी तिनं त्याचं दुसरं लग्न ठरवलं. तो कशावरच काही बोलत नव्हता, म्हणून लग्नालाही नाही म्हणाला नाही.

ती दुसरी मी.

चूल आम्ही तीनदा हलवली. आवाज चुलीबरोबर हलतो.

आता पोरं म्हणतात, स्वयंपाकघरात फरशी घालू. मी घालू देत नाही. म्हातारी चिकट आहे म्हणतात, म्हणू देत. या घरानं हौसावर एकदा दगड बसवला, तेवढा पुरे.

पण गेल्या महिन्यापासून आवाज जवळ आलाय. सारवताना माती बोटांना मऊ लागते...

ती वर आली, तर चुलीपुढची ही जागा तिची आहे.

मला उठावं लागेल.