अडकलेली अक्षरं

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय, आणि तेही भरदुपारी.

ताई एका कोल्ड स्टोरेजमध्ये प्रोग्रामर होती. प्रत्येक थंड खोलीत दाराजवळ बटणांचा एक डबा असायचा. आत कुणी अडकलं तर निरोप टाइप करायचा. तो कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसायचा.

पण एक खोट होती. शेवटचं, निरोप पाठवायचं बटण दाबेपर्यंत अक्षरं कॉम्प्युटरच्या बफरमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबून राहायची. ताईनं साहेबांना दोनदा सांगितलं होतं.

"चाललंय ना? मग हात लावू नका," साहेब म्हणाले.

मग एका संध्याकाळी साहेबांनी आत न बघता शेवटच्या खोलीला कडी घातली.

आत दुरुस्तीला गेलेले मिस्त्री होते.

सकाळी दार उघडलं तेव्हा त्यांचा हात डब्यावरच गोठला होता. शेवटचं बटण दाबायला बोट वळलंच नव्हतं.

"त्यांचं लिहिलेलं अजून बफरमध्ये असेल," ताई म्हणाली. "मी काढते बाहेर."

साहेब उठले... आणि मेन स्विच बंद केला.

मिस्त्रींचे शेवटचे शब्द गेले. आत माणूस आहे हे कळायला मार्गच नव्हता, असं साहेबांनी पोलिसांना सांगितलं.

त्या खोलीची कडी काढून टाकली. काम पुन्हा सुरू झालं.

प्रोग्राम चालू झाला की प्रत्येक खोलीसाठी स्वतःची एकेक प्रत काढायचा. फोर्क म्हणतात त्याला. पहिली प्रत निघाली...

स्क्रीनवर ओळ आली.

'साहेब, दार उघडा.'

दुसरी प्रत निघाली. तीच ओळ.

मग प्रत्येक खोलीतून... तीच.

ताई आधी घाबरली नाही. बफरमध्ये काही उरलं असेल तर फोर्क करताना त्याचीही नक्कल होते, आणि प्रत्येक प्रत तेच छापते. नवशिके यात हमखास फसतात. तिनं फोर्कच्या आधी बफर रिकामा करायची ओळ घातली. शिवाय प्रत्येक अक्षर आल्या आल्या दिसेल अशी सोय केली.

पुन्हा चालू केलं.

'साहेब, दार उघडा. हात बधिर झालेत.'

तेव्हा मात्र तिला घाम फुटला. वीज गेली की बफरमध्ये काही उरतच नाही. मग नक्कल होत होती कशाची?

साहेब भडकले. "कुणीतरी चावटपणा करतंय. तो डबाच उपटून आणतो."

त्या शेवटच्या खोलीकडे एकटेच गेले. जेवणाची सुट्टी होती. ताई स्क्रीनसमोर जेवत बसली.

ओळी येतच होत्या. साहेब, दार उघडा... साहेब, दार उघडा...

तिनं बघणं सोडून दिलं होतं.

बऱ्याच वेळानं तिचा घास हातातच राहिला.

मध्येच एक ओळ वेगळी होती.

'दार उघडा.'

तिच्यात 'साहेब' नव्हतं.

ताई धावली. दार नुसत्या बोटानं उघडलं. साहेब दाराशीच पडले होते. जीव होता. हातांची बोटं काळीनिळी झाली होती.

बोटं कापावी लागली. सगळी.

ताई दवाखान्यात भेटायला गेली. साहेब छताकडे बघत होते.

"दार लागल्या लागल्या मी टाइप केलं होतं," ते हळूच म्हणाले. "खांदा लावून ढकललं, तरी हललं नाही. तुम्ही आला का नाहीत?"

अक्षरं लगेच दिसायला हवी होती. तिनं स्वतः तशी सोय केली होती, तपासली होती. साहेबांची ओळ मात्र पाऊण तासानं उमटली... बोटं हातची गेल्यावर.

तिनं ती नोकरी सोडली. परवा मी तिला विचारलंच, "मग तेवढा वेळ ती अक्षरं होती कुठे?"

"धरून ठेवली होती," ताई म्हणाली. "कुणी, ते मला विचारू नकोस."

मग ती म्हणाली, "साहेब आता घरी आलेत. बाथरूमचं दार लावत नाहीत म्हणे. तरी ते आत गेले की आतून... लागतं."